साहेबांच्या कृपेने

नळाचा कारखाना त्या दिवशी इतका स्वच्छ होता की कामगारांनाच चुकल्यासारखं वाटत होतं. साच्यांची वाळू झाडून एका ढिगात लावली होती. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि तो मळेल म्हणून कशालाच हात लावत नव्हते. पाहुण्यांना चालू कारखाना दाखवायचा आणि मिस्त्रींनी मात्र नवरदेवासारखं उभं राहायचं, हे काही वहिनींना पटेना. त्यांनी मिस्त्रींना जुना शर्ट घालून यायला घरी पिटाळलं.

वहिनी म्हणजे मालकांची सून. मालकांना सगळे तात्या म्हणत. कारखाना तात्यांच्या नावावर होता, पण गेली कित्येक वर्षं तो चालत होता वहिनींच्या जिवावर. तात्यांचा मुलगा, म्हणजे वहिनींचा नवरा, शाळेत गणित शिकवायचा आणि घरात कारखान्याचा विषय निघाला की वर्तमानपत्र उघडायचा. तेव्हा भट्टी किती तापली इथपासून परदेशी गिऱ्हाईक का तापलं इथपर्यंत सगळं वहिनींकडे.

आणि येणारे पाहुणे तरी कुठले पाहुणे? समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशात इथले पितळी नळ जायचे. कारखान्याचा निम्म्याहून जास्त माल तिकडेच खपायचा. तिथल्या नळवाल्यांनी आपल्या सरकारकडे गाऱ्हाणं घातलं होतं की, हे नळ स्वस्त पडतात कारण त्यांचं सरकार त्यांना मागच्या दाराने मदत करतं. फुकट जमीन देतं, स्वस्त वीज देतं. देशादेशांमधल्या व्यापाराचा जो कायदा आहे, त्यात अशी मदत सिद्ध झाली तर माल घेणाऱ्या देशाला त्यावर जादा कर बसवता येतो. कर बसला की नळ महाग, नळ महाग झाला की गिऱ्हाईक दुसऱ्या दारात, आणि मग दोनपैकी एक भट्टी विझवायची. कुठली विझवायची आणि तिच्यावरच्या कोणाकोणाला घरी बसवायचं, हा विचार वहिनींच्या मनात नको तेव्हा यायचा आणि त्या तो हाकलून द्यायच्या. खरंखोटं तपासायला तिकडच्या सरकारचे दोन अधिकारी आज येत होते.

कारखान्याच्या बाजूने बोलायला राजधानीहून एक वकीलबाई आल्या होत्या. आयुष्य याच कायद्यात गेलेलं, आणि चहा अर्धाच पिऊन ठेवायची सवय.

"इतकी वर्षं माल जातोय," वहिनी त्यांना म्हणाल्या, "तेव्हा कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आताच काय झालं?"

"तेव्हा आपण लहान होतो. लहानाचं कोणी मनावर घेत नाही. आता आपला देश मोठ्यांच्या पंगतीला बसला. मग शेजारचा आपल्या ताटात डोकावणारच."

"देश झाला असेल मोठा. आमच्या ऑफिसातला पंखा अजून तोच आहे."

"तेच तर दुखणं आहे. आपले मंत्री बाहेर भाषणात सांगतात, आम्ही आता कोणाच्या मागे नाही. आणि कराराची बोलणी सुरू झाली की सांगतात, आम्ही गरीब, आम्हाला सांभाळून घ्या. दोन्ही खरं आहे हो. पण ऐकणारा त्याच्या सोयीचं तेवढंच लिहून घेतो."

वहिनी हसल्या. आपल्याच घरात हेच चाललंय, हे त्यांना अजून कळायचं होतं.

अधिकारी आले. एक उंच बाई, केस कापलेले, चेहऱ्यावरची रेघ न हलवणारी. आणि तिचा जोडीदार, जो सारखा लॅपटॉपच्या चार्जरसाठी भिंतीत जागा शोधत होता. सोबत दुभाष्या होता, इकडचाच. त्यांनी भट्टी पाहिली, लेथ पाहिले, पॉलिशचं चाक पाहिलं. तपासणीच्या टाकीपाशी उंच बाई बराच वेळ थांबली. तिथे प्रत्येक नळ बंद करून, आत हवा भरून पाण्यात बुडवतात. बुडबुडा आला की नळ बाद. ही टाकी वहिनींनी स्वतः बसवून घेतली होती, आणि ती बसवल्यापासून परदेशातून एक नळ परत आला नव्हता. उंच बाईने मान हलवली. वहिनींना वाटलं, चला, गाडी रुळावर आहे.

ऑफिसात कागद मांडून ठेवले होते. जमिनीच्या लिलावाची पावती, विजेची बिलं, सगळं चोख. जमीन सरकारी लिलावात पूर्ण पैसे मोजून घेतलेली, वीज शेजारच्या पिठाच्या गिरणीला ज्या दराने त्याच दराने. उंच बाईने सगळं पाहिलं, बाजूला ठेवलं, आणि बॅगेतून एक रंगीत पुस्तिका काढली. वहिनींनी ती लगेच ओळखली. त्यांनीच छापून घेतली होती, परदेशातल्या प्रदर्शनात वाटायला.

दुभाष्याने दुसऱ्या पानावरचा मजकूर वाचला. "साहेबांच्या कृपेने आम्हाला ही जमीन मिळाली, साहेबांच्या कृपेने वीज मिळाली, त्यांच्या व शासनाच्या उदार मदतीशिवाय हा कारखाना उभाच राहू शकला नसता. संस्थापक."

वकीलबाईंनी पेला खाली ठेवला.

जोडीदाराने लॅपटॉप फिरवला. त्यात तात्या होते, कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या व्यासपीठावर, माइकला बिलगून तेच सांगत होते. मग आदल्या वर्षीचे तात्या. मग त्याच्याही आदल्या. शर्ट बदलत होता, साहेबांची कृपा तीच होती.

साहेब म्हणजे इथून निवडून येणारे पुढारी. त्यांची जमिनीला, विजेला, कारखान्यातल्या एखाद्या खिळ्यालासुद्धा कधी मदत झाली नव्हती. पण व्यासपीठावर बोलायचं म्हणजे साहेबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, ही इथली रीतच. पाणपोईचं उद्घाटन असो की कोणाच्या मुलाचा पहिला नंबर, कृपा साहेबांची. ऐकणारा ते मनावर घेत नाही, बोलणारा घेत नाही. आता ते समुद्रापलीकडे कोणीतरी मनावर घेतलं होतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तात्यांची ती भाषणं वहिनीच लिहून द्यायच्या. पुस्तिकेत काय छापावं हे सुचेना, तेव्हा भाषणातलंच वाक्य उचलून त्यांनी भाषांतर करून घेतलं होतं. भारदस्त वाटलं म्हणून.

"कागद एक सांगतात," उंच बाई दुभाष्यामार्फत म्हणाली, "आणि संस्थापक दुसरं सांगतात. जमिनीची किंमत मागून कोणी परत केली नाही कशावरून? उद्या संस्थापकांना स्वतः विचारायचं आहे. ते आले नाहीत, तर समोर जी माहिती आहे तिच्यावरून आम्ही निष्कर्ष काढू."

ते गेल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "उरलेलं मी सांभाळते. हे मला सांभाळता येणार नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की मी बोललो ते खरं नव्हतं."

"सांगतील," वहिनी म्हणाल्या. कसे, ते त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. पण सांगायला लावायचंच, एवढं नक्की होतं.

संध्याकाळी जेवताना तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जेवण चालू ठेवलं.

"उद्या माझी तब्येत बरी नसणार," ते म्हणाले.

"मग डॉक्टरांना कारखान्यात बोलावते. पण खुर्चीत तुम्ही असणार."

"सूनबाई, मी आभार मानलेत. मानलेले आभार परत घेतं का कोणी? उद्या साहेबांच्या कानावर गेलं तर? एकदा का त्या माणसाचं मन फिरलं, की रस्ता बंद, पाणी बंद, रोज दारात एक नवा इन्स्पेक्टर."

"आभार खोटे होते, तात्या."

"आभार खोटेच असतात. खरे असते तर माइकवरून कशाला सांगितले असते?" मग तात्या जरा मऊ झाले. "तुला काय वाटतं, मला त्याचं प्रेम होतं? बाकीचे कारखानेवाले त्याला काय काय पोचवतात, तुला ठाऊक आहे. मी श्रेय पोचवलं. तेवढ्यावर तो खूश होता. श्रेयाला खर्च येत नाही."

वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यांना राग आला होता, आणि त्यांनी तो लपवला नाही.

"खर्च येत नाही कसा? ते श्रेय तुमचं थोडंच होतं? सासूबाईंचं होतं. तुम्ही दुसऱ्याच्या खिशातलं काढून त्याला दिलंत. दर वर्षी. त्या होत्या तोवर पहिल्या रांगेत बसून ऐकायच्या."

नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं नाही. हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"ती कधी काही बोलली नाही," तात्या म्हणाले.

"मीही बोलले नाही. परदेशातल्या प्रदर्शनात पाय सुजेपर्यंत उभी राहिले ती मी, आणि भाषणात लिहिलं, साहेबांच्या आशीर्वादाने परदेशी ऑर्डरी आल्या. माझ्याच हाताने लिहिलं. मला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही. आज तो दुभाष्या वाचायला लागला तेव्हा वाटलं." त्या थांबल्या, मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी दहाला. शर्ट काढून ठेवते."

तात्या हात धुवायला उठले. पण सकाळी शर्ट घालून ते वेळेआधीच ऑफिसात येऊन बसले, आणि वहिनींशी एक अक्षर बोलले नाहीत.

अधिकारी आले, समोर बसले. आता तात्या तोंड उघडणार, एवढ्यात फाटकाशी गाड्या थांबल्याचा आवाज झाला. साहेब आले होते. परदेशी माणसं कारखान्यात आलीत आणि आपल्याला कोणी कळवलं नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. सोबत फोटोग्राफर होता, पुष्पगुच्छ होता आणि दार अडवतील इतके कार्यकर्ते होते.

वकीलबाई पुढे झाल्या. "ही चौकशी बंद दाराआड असते. माफ करा, पण…"

"हे कोण?" उंच बाईने विचारलं. दुभाष्याने सांगितलं. तिने पुस्तिकेकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढायला लावली.

साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, फोटो काढून घेतला, आणि कोणी न विचारताच सुरू झाले. "यांना सांगा, हा भाग म्हणजे माळरान होता. आम्ही तात्यांना म्हटलं, तुम्ही फक्त कारखाना काढा, जमिनीचं आम्ही बघतो, विजेचं आम्ही बघतो. आमचं सरकार उद्योगाच्या पाठीशी कायम उभं असतं."

दुभाष्या कसलेला माणूस. त्याने शब्दाला शब्द पोचवला. जोडीदाराची बोटं भराभरा चालायला लागली. वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला. पुस्तिका एक वेळ सावरता आली असती. पण खुद्द सरकार पक्षाचा माणूस समोर बसून कबूल करतोय म्हटल्यावर पुढे बोलायचं काय?

वहिनी मूग गिळून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तात्यांकडे पाहिलं, आणि नजर काढली नाही.

तात्यांनी घसा साफ केला. माइक नव्हता, तरी हात माइकच्या जागी गेला आणि रिकामाच परत आला.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात."

"कोण? मी?"

"लिलाव झाला तेव्हा. तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. तुम्ही कुठून देणार जमीन?" मग ते दुभाष्याकडे वळले. "सगळं सांगा यांना. मी गाळणार नाही, तुम्हीही गाळू नका. लिलावाला आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि माझी बायको. बोली सुरू झाली आणि मी हातपाय गाळले. मला हात वर करवेना. तिने केला. सरकारी माणूस म्हणाला, बाई, हात खाली घ्या, नुसता खडक आहे तो, नांगर चालणार नाही की पाया खोदता येणार नाही. सरकारकडून आम्हाला मिळालेली मदत म्हणाल तर एवढीच. तो सल्ला. तोही तिने ऐकला नाही."

दुभाष्या थांबला, सांगत गेला, पुन्हा थांबला.

"वीज आली तेव्हा आम्ही डिझेलच्या इंजिनावर लेथ चालवून थकलो होतो. पहिले साचे तिने भरले, वाळूत बसून. पहिले नळ पिशवीत घालून दुकानोदुकानी तिने नेले. मला गिऱ्हाइकाशी बोलायची लाज वाटायची. बोलायला मी फक्त व्यासपीठावर शिकलो."

"मग भाषणात वेगळं का सांगितलंत?" उंच बाईने विचारलं. "इतकी वर्षं?"

"बोलायची रीत असते. तुमचं चौकशीचं पत्र आलं, त्याच्या खाली लिहिलं होतं, आपला विश्वासू. माझ्यावर विश्वास असता तर तुम्ही इथवर आला असतात का?"

दुभाष्याने हे सांगितलं तेव्हा जोडीदार खोकला. उंच बाईच्या चेहऱ्यावरची रेघ जराशी हलली.

साहेबांची मात्र हललेली रेघ जागेवर येईना. कार्यकर्ते एकमेकांकडे बघत होते. आता साहेब रागाने उठले असते तर उद्यापासून इन्स्पेक्टरांची रांग लागलीच असती, म्हणून वहिनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, एक सांगू का? यांच्या कायद्यात सरकारने मदत केली असं ठरलं की कर बसतो. कर बसला की आमची एक भट्टी बंद. भट्टी बंद झाली तर त्या लोकांना मला कारण सांगावं लागेल. यांच्या नोंदीत तुमचं नाव आलं, तर मी तेच सांगणार. घालायचं का तुमचं नाव?"

साहेब निवडणुका उगाच जिंकत नव्हते. त्यांनी क्षणभर दाराबाहेर उभ्या असलेल्या कामगारांकडे पाहिलं.

"वहिनी, मी आपला शुभेच्छा द्यायला आलो होतो," ते म्हणाले. "शुभेच्छा लिहा म्हणावं. जमीनबिमीन काही नाही. बोलण्याच्या ओघात माणूस बोलतो." दुभाष्याने तेही शब्दाला शब्द पोचवलं. मग साहेबांना दुसरा कार्यक्रम आठवला.

चौकशीचा निकाल पुढे काही महिन्यांनी लागला आणि कर बसला नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. दोन्ही भट्ट्या चालू आहेत. रस्ता एकदा विनाकारण खोदून ठेवला गेला, तेवढं झालं. वहिनींनी साहेबांच्या घरी पाच खेटे घातले आणि तो बुजवून घेतला.

पण त्या सकाळचं काम अजून संपलं नव्हतं. गाड्या गेल्या, धूळ बसली. उंच बाईने शेवटचा कागद पुढे घेतला. त्यावर एक ठरावीक प्रश्न होता, सगळ्यांना विचारतात तो. उत्तर काय द्यायचं हे वकीलबाईंनी तात्यांकडून चांगलं घोकून घेतलं होतं. नाही, एवढंच म्हणायचं.

"हा कारखाना उभा करायला किंवा चालवायला तुम्हाला कोणाकडून मदत मिळाली का?"

"मिळाली," तात्या म्हणाले.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. जोडीदाराची बोटं थांबली.

"दोघींकडून. एक आता नाही. दुसरी ही इथे बसलीय. जमीन, साचे, पहिली गिऱ्हाइकं त्या एकीची. तुम्ही काल ज्या टाकीपाशी थांबलात ती, आणि तुमच्या देशातलं सगळं गिऱ्हाईक, या दुसरीचं. दोघींनी कधी काही घेतलं नाही." ते उंच बाईकडे वळले. "यावर कर बसतो का, विचारा."

उंच बाईने उत्तर द्यायला वेळ घेतला. कायद्याच्या माणसासारखा तिने तो प्रश्न खरोखरच तपासून पाहिला असावा.

"नाही," ती म्हणाली. "मदत सरकारची असावी लागते. घरच्यांची मदत आमच्या कायद्यात मोजत नाहीत."

"आमच्यातही मोजत नाहीत," तात्या म्हणाले.

वहिनींचे डोळे भरून आले होते, आणि अशा वेळी काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण अशी वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. जोडीदार लॅपटॉप मिटायला लागला. तो मिटताना पाहून मात्र वहिनी भानावर आल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे लिहून घेतलंत का?"

दुभाष्याने विचारलं. जोडीदार म्हणाला, चौकशीशी याचा संबंध नाही, म्हणून घेतलं नाही.

"प्रश्न तुम्ही विचारलात. त्याचं जे उत्तर आलं ते नोंदीत यायला हवं. भाषणं सगळी घेतलीत, मग हेही घ्या."

वकीलबाई काही म्हणणार होत्या, पण उंच बाईने जोडीदाराला लॅपटॉप पुन्हा उघडायला सांगितला. "दोघींची पूर्ण नावं?" तिने विचारलं.

वहिनींनी आधी सासूबाईंचं नाव सांगितलं. मग स्वतःचं. परदेशी माणसाला ती नावं एकदम लिहिता येईनात, तेव्हा त्यांनी दुभाष्याला एकेक अक्षर सुटं करून सांगायला लावलं, आणि ते बरोबर उमटलं की नाही हे स्वतः पडद्यावर वाकून पाहिलं. सासूबाईंच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. वहिनींनी ते दुरुस्त करून घेतलं.